मुलगा जानेवारीत स्वीडनला, उमेओला चाललाय. तिथला हिवाळ्यातला रोजचा दिवस कसा असतो?

डॅलसची_आई

नमस्कार मंडळी,

माझा मुलगा विशीतला, जन्म आणि वाढ सगळी डॅलसची. येत्या जानेवारीत तो एका सत्रासाठी स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठात चाललाय. नकाशात पाहिलं तर हे गाव स्टॉकहोमच्याही वर, रस्त्याने सहाशे किलोमीटरच्या पुढे. आमच्याकडे रस्त्यावर बर्फाचा पापुद्रा धरला तरी शाळा बंद होतात, आणि हा थेट तिकडे!

परवाना आला, खोली मिळाली, जाकीट कुठलं घ्यायचं हे सांगणारे शंभर जण भेटले. मला विचारायचंय ते वेगळंच. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तिथे दिवस जातो कसा? पोरगा भयंकर बोलका आहे. दुकानात रांगेत उभा असला तरी पुढच्या-मागच्याची चौकशी करतो. स्वीडिश लोक अबोल असतात म्हणे. त्यात तो अंधार. एकटा पडला तर सांगणारही नाही, फोनवर "मस्त चाललंय" एवढंच म्हणेल. अंडी खातो, मांस-मासे नाही.

तिथे राहिलेलं कुणी आहे का इथे? अमेरिकेतून गेलेलं कुणी असेल तर फारच बरं.

---

पश्चिमवारा

ताई, मी योतेबोर्यला (गोथेनबर्गला) असतो. आमच्याकडे हिवाळा म्हणजे पाऊस आणि वारा, उमेओचा हिवाळा वेगळाच. त्यामुळे कामाचं तेवढं सांगतो.

एका सत्राच्या परवान्यावर त्याला स्वीडिश व्यक्तिक्रमांक मिळणार नाही, त्यासाठी किमान वर्षभराचं वास्तव्य लागतं. तो क्रमांक नाही म्हणजे फोनवर ओळख पटवायचं 'बँक-आयडी' नाही, आणि फोनवरून पैसे पाठवायचं 'स्विश'ही नाही. इथे रोख पैसे फार कमी ठिकाणी चालतात. परदेशी व्यवहारावर शुल्क न घेणारी दोन वेगवेगळी कार्डं देऊन ठेवा. जुन्या बाजारात काही विकणारे फक्त स्विश घेतात, तिथे वसतिगृहाच्या कॉरिडॉरमधल्या एखाद्या स्वीडिश मुलाला पैसे भरायला सांगून त्याला नंतर द्यायचे, सगळे तसंच करतात.

खेळाचं सामान विकत घेऊ देऊ नका. 'फ्रीतीद्सबांकेन' नावाची ठिकाणं बऱ्याच गावांत आहेत. तिथे स्की, स्केट, बूट, हेल्मेट १४ दिवसांसाठी फुकट मिळतं, ग्रंथालयातून पुस्तक मिळतं तसं. तब्येतीचा सल्ला ११७७ वर, अपघात किंवा आणीबाणी असेल तर ११२.

आणि एक, आई म्हणून तुम्हाला माहीत असलेलं बरं: टेक्ससमध्ये दारूची वयोमर्यादा २१ आहे, इथे बारमध्ये १८ आणि सरकारी दुकानात २०.

---

निळीसांज

काकू, मी लिहिते. आम्ही सांगलीहून मिनियापोलिसला गेलो तेव्हा मी शाळेत होते, वाढले तिथेच, पासपोर्टही अमेरिकेचा. मास्टर्ससाठी उमेओला गेले. सुरुवातीला ओलिदहेममध्ये राहिले, तुमचा मुलगाही बहुधा त्याच भागात असेल. खोली आणि न्हाणीघर आपलं, स्वयंपाकघर सगळ्या कॉरिडॉरचं मिळून एक.

थंडीचं आधी उरकते. जानेवारीत उमेओची सरासरी थंडी मिनियापोलिसएवढीच असते. उणे २० चे दिवस येतात, पण समुद्र जवळ असल्यामुळे सारखे येत नाहीत. घरात थंडी अजिबात नसते. खिडक्यांना तीन-तीन काचा, आणि घरं तापवायचं गरम पाणी शहराच्या एका सामाईक केंद्रातून नळांनी घरोघरी फिरतं, त्याचे पैसे भाड्यातच. अंगालगत लोकरीचे कपडे घालायचे, सुती नाही, कारण सुती कपडा घामाने भिजला की अंगावरच गार पडतो. हातमोजे चार बोटं एकत्र राहतात तसले. बूट जरा मोठे, आत जाड मोजा मावला पाहिजे. बुटाखाली लावायचे काटे तिथल्या कुठल्याही दुकानात मिळतात, ते पहिल्याच दिवशी घ्यायचे. पदपथांवर खडी टाकतात, तरी मार्चमध्ये दिवसा वितळून रात्री गोठलं की सगळी काच होते. बाकी काही नाही.

अंधार मात्र मलाही नवा होता. मिनियापोलिसला वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा पावणेनऊ तासांचा असतो. उमेओला साडेचार तासांचा. डिसेंबरात साडेनऊच्या सुमाराला सूर्य येतो आणि दोनच्या आत जातो, आणि आलेला असतो तेव्हाही क्षितिजाला इतका लागून असतो की समोर चार मजली इमारत असली तर दिसतच नाही. पण खरा वाईट महिना नोव्हेंबर. तेव्हा बर्फ टिकत नाही, जमीन ओली आणि काळी, दिव्यांचा उजेड जमीन पिऊन टाकते. तुमचा मुलगा त्यातून सुटला. तो पोचेल तेव्हा दिवस सहा तासांचा झालेला असेल, खाली पांढरा बर्फ असेल आणि पुढे दिवस रोज पाच-सहा मिनिटांनी वाढत जाईल. आठवड्याला अर्ध्या तासाहून जास्त! दर सोमवारी एकाच वेळी एकाच खिडकीतून बाहेर बघितलं की फरक डोळ्यांना दिसतो. त्याला हे आधीच सांगा, फार आधार वाटतो.

तिथली माणसं या अंधाराचं काय करतात, हे मी पहिल्या हिवाळ्यात नुसतं बघत बसायचे. अंधार पडला म्हणून दिवस संपला असं तिथे कुणी मानतच नाही. न्यूदाला तळ्याच्या बाजूला जंगलातून स्कीच्या वाटा आहेत, त्यांच्यावर रात्री दिवे असतात. आठ वाजता उणे १२ मध्ये ऑफिसातून आलेली माणसं, म्हातारी जोडपी, शाळेतली मुलं, सगळी त्या वाटेवर. पाळण्यातली बाळं दुपारी गाडीत, बाहेर, उघड्यावर झोपतात, वर लोकरीचं पांघरूण आणि नुसतं नाक दिसतं. प्रत्येक खिडकीत दिवा, आणि पडदे उघडे. २०१२ च्या हिवाळ्यात तर शहराच्या वीज कंपनीने बसथांब्यांवर उजेडाने उपचार करणारे दिवे लावले होते, लोक बसची वाट बघताना त्यांच्याकडे तोंड करून उभे राहत.

मी तिथून एक गोष्ट उचलली ती म्हणजे दुपारचं चालणं. वर्गातल्या मुली साडेअकरालाच जेवून घ्यायच्या आणि उरलेला वेळ बाहेर, मग ढग असोत की बर्फ पडत असो. तुमच्या मुलाला बाकी काही जमलं नाही तरी हे एवढं करायला सांगा. डोळ्यांवर दिवसाचा उजेड पडला की रात्री झोप येते, आणि झोप नीट असली की निम्मा हिवाळा जिंकला.

आता रोजचा दिवस. सकाळी वाटीभर फिलम्योल्क, ते पातळ दही असतं, त्यात मुसली. कडक राय-ब्रेडवर लोणी आणि तिथलंच वेस्तरबोत्तन चीज. मग सायकल. हो, बर्फात सायकल! टायरला खिळे असलेले, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, जाकिटाला लोंबणारी चकाकती पट्टी, जी गाडीच्या उजेडात दुरून दिसते. वेळापत्रकात आठ लिहिलेलं असलं तर तास सव्वाआठला सुरू होतो, ही विद्यापीठांतली जुनी रीत आहे. पण सव्वाआठ म्हणजे सव्वाआठ. दहाच्या आसपास कॉफी आणि काहीतरी गोड, मग जेवण. विद्यापीठात भिंतीला लागून मायक्रोवेव्हची लांबलचक रांग असते, मुलं डबे घेऊन शांतपणे उभी असतात. बाहेर जेवणं महाग, त्यामुळे प्राध्यापकही डबा आणतात.

आणि आता तुमचा खरा प्रश्न, माणसांचा.

मीसुद्धा बोलकी. मिनेसोटाची माणसं अमेरिकेत शांत समजली जातात, पण तिथेही दुकानात गेलं की "कसं काय" होतंच. उमेओच्या बसथांब्यावर माणसं एकमेकांपासून चार पावलं सोडून उभी असतात. मी "कशी आहेस" विचारलं की वर्गातली मुलगी खरंच विचार करून उत्तर द्यायची, की कालपासून घसा दुखतोय आणि आईशी जरा वाजलंय. मी तेवढ्या तयारीने विचारलेलंच नसायचं. हळूहळू मी तो प्रश्न खरं ऐकायचं असेल तेव्हाच विचारू लागले.

तिथे ओळख होते ती एकत्र काही केल्याने. "कधीतरी भेटू या" म्हटलं तर कुणी येत नाही. मंगळवारी सातला गाण्याचा सराव आहे म्हटलं की बर्फाचं वादळ असलं तरी सगळे येतात. स्वीडनमध्ये गावोगावी समूहगायनाचे संघ आहेत, मी अशाच एका संघात गेले. दोन महिने कुणी मला घरचं, दारचं, काही विचारलं नाही. मध्यंतरात कॉफी, प्रत्येकाची आळीपाळीने काहीतरी भाजून आणायची पाळी, आणि बोलणं फक्त गाण्याचं. मग एकदा ताप आला म्हणून मी गेले नाही. रात्री साडेनऊला शेजारी उभी राहून गाणाऱ्या बाईंचा निरोप आला: 'तुझी जागा आज रिकामी होती. काही लागलं तर सांग.' दुसऱ्या दिवशी खोलीच्या दाराला पिशवी अडकवलेली, आत क्लाउडबेरीच्या मुरांब्याची बाटली. ही बेरी तिथल्या दलदलीत उगवते, वेचायला फार कष्ट पडतात, आणि तिची जागा लोक सख्ख्या भावालासुद्धा सांगत नाहीत म्हणे. दोन महिने त्या बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही असं मला वाटत होतं. त्या दर मंगळवारी बघत होत्या.

दुसऱ्या हिवाळ्यात मी गावात एका साध्या इमारतीत खोली घेतली. तळघरात धुलाईची सामाईक खोली. भिंतीवर एक फळी, तिच्यावर वार आणि वेळेची भोकं, प्रत्येक घराचं एक छोटं कुलूप. आपलं कुलूप ज्या भोकात बसवलं ती वेळ आपली. माझ्या वेळेनंतरची वेळ खालच्या मजल्यावरच्या आजोबांची असायची. ते दहा मिनिटं आधी येऊन दाराबाहेर थांबायचे आणि माझी वेळ संपेपर्यंत आत पाऊल टाकायचे नाहीत. मी "या ना" म्हटलं तरी नाही. सुकवणीच्या यंत्राच्या जाळीतला कापूस मी काढून ठेवलाय का, एवढं बघायचे आणि मान हलवायचे. एकदा माझी मोठी चादर एकटीला घडी होईना. तेव्हा ते आत आले, दोन टोकं धरली, आणि आम्ही चादर घडी केली. मग त्यांच्या चादरी. त्यांनी विचारलं, कुठची? मी म्हटलं, मिनियापोलिस.

त्यांचा चेहराच बदलला. पुढच्या आठवड्यात त्यांनी कॉफीला बोलावलं, दोन वाजता. टेबलावर वेलदोडा घातलेले बन आणि एक पत्र्याचा डबा. त्यांच्या वडिलांची बहीण विन्देल नदीकाठच्या एका खेड्यातून अमेरिकेला गेली होती, मिनेसोटातल्या डुलूथ बंदराला. डब्यात तिची पत्रं. १८५० ते १९३० च्या दरम्यान स्वीडनमधून सुमारे १३ लाख माणसं अमेरिकेला गेली, हे मी शाळेत शिकले होते, मिनेसोटात तर निम्मी आडनावं तिकडचीच. पण एका बाईचं अक्षर हातात धरणं वेगळं. सुरुवातीची पत्रं सगळी स्वीडिशमध्ये, पुढच्या पत्रांत मध्येच इंग्रजी शब्द यायला लागलेले, बाजाराचे, कामाचे, हवेचे. आजोबांना ते शब्द नीट लागत नव्हते. मी वाचून सांगितले. एका पत्रात तिने लिहिलं होतं की इथली थंडी आपल्यासारखीच आहे, पण दुपारी तीनला लख्ख ऊन असतं. माझ्या पोटात कालवाकालव झाली. मी आईला फोनवर नेमकं याच्या उलटं सांगत होते.

नंतर आम्ही फोनवर डुलूथचा नकाशा काढला. मी लहानपणी आई-बाबांबरोबर त्या सरोवरावर गेले होते, ते सगळं त्यांना सांगितलं. ऐकताना ते तिकडच्या पद्धतीने हो म्हणत होते: शब्द नाही, ओठ आवळून हवा आत ओढल्याचा आवाज. उमेओच्या माणसाचा 'हो' असाच असतो. तुमच्या मुलाला सांगून ठेवा, समोरच्याला धक्का बसलाय असं त्याला वाटेल, पण तो होकार असतो.

---

परतलेला_पुणेकर

वरचं सगळं वाचायला छान आहे, पण मी स्टॉकहोमला नोकरीसाठी एक हिवाळा काढला आणि दुसरी बाजूही कळली पाहिजे. शेजाऱ्याचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. शुक्रवारी पाचनंतर ऑफिस रिकामं. शनिवार-रविवार माणसाचा आवाज ऐकायला मी सुपरमार्केटात जायचो. हा मुलगा टेक्ससचा, रंगाने आपला. "मूळचा कुठला?" हे त्याला रोज ऐकावं लागेल. ताई, त्याला मनाने तयार करा, एवढंच.

---

निळीसांज

दादा, तुम्ही लिहिलंत ते खरं आहे आणि ते लिहायला हवंच होतं. मलाही तो प्रश्न यायचा. अमेरिका म्हटलं की "बरं, पण त्याआधी?" मी सांगली सांगायचे, मिनियापोलिस सांगायचे, दोन्ही खरं आहे. काही वेळा विचारणाऱ्याचा सूर मला आवडला नाही आणि मी तसं तोंडावर सांगितलं. ऐकून घेतात.

पण नोकरीवाल्याचा हिवाळा आणि विद्यार्थ्याचा हिवाळा यात फार फरक असतो. तुम्हाला रिकाम्या घरी जावं लागलं. कॉरिडॉरमध्ये आठ-दहा जणांचं एक स्वयंपाकघर असतं, तिथे कुणी ना कुणी भांडं घासत उभं असतंच. फक्त आपण खोलीत ताट नेऊन जेवायचं नाही, टेबलावर बसायचं. कुणी बोलो न बोलो. माझ्या कॉरिडॉरमध्ये शुक्रवारी टाको असायचे, सगळ्या देशभर तीच रीत आहे. मी अमेरिकेची म्हणून मला वाटलं, टाको म्हणजे मला माहीत आहे. तर त्यात काकडी, मक्याचे दाणे आणि दही! पण ते चिरायला सगळे एकत्र बसतात, आणि चिरताना माणसं बोलतात.

काकू, मुलगा बोलका आहे ना? मग त्याने चिरायला बसावं.

---

डॅलसची_आई

बाळा, तुझं ते पत्राच्या डब्याचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. यांनाही वाचून दाखवलं. मुलाला धागा पाठवलाय, त्याने चक्क सगळा वाचला आणि "गाण्याचं काही आपल्याला जमणार नाही, पण स्की शिकेन" म्हणाला.

दोन गोष्टी अजून. खायचं काय? मी छोटा कुकर आणि डाळी देऊ का? आणि तो म्हणतोय तिकडे गोठलेल्या समुद्रावरून चालत जातात. माझा जीव तिथेच वर-खाली झाला.

---

बर्फवाटसरू

मी लुलेओला असतो, उमेओच्या अजून वर. बर्फाबद्दल मी सांगतो, काळजी करू नका पण त्याला हे पाठ करायला लावा.

आमच्याकडे समुद्र गोठला की बेटांपर्यंत बर्फावरून रस्ता आखतात. खुणा लावलेल्या, बर्फाची जाडी मोजलेली, त्यावर चालायला हरकत नाही. खूण नसलेल्या ठिकाणी एका माणसाला किमान १० सेंटीमीटर कठीण, काळसर बर्फ लागतो. वर पडलेला पांढरा भुसभुशीत थर त्यात धरायचा नाही. नदीच्या तोंडाशी, पुलाखाली, लव्हाळ्याजवळ आणि पाण्याच्या अरुंद गळ्यात बर्फ पातळ असतो, वाहतं पाणी त्याला खालून खातं. उमेओतून मोठी नदी जाते, तिच्या बर्फावर पाऊल टाकायचंच नाही. आणि वसंतात तेवढ्याच जाडीचा बर्फ डिसेंबरातल्या बर्फाएवढा भक्कम नसतो, आतून कुजलेला असतो.

गळ्यात दोन टोकदार मुठी अडकवायच्या. माणूस पाण्यात पडला तर त्या बर्फात रोवून स्वतःला बाहेर ओढतो. हातात लोखंडी टोकाची काठी, पाठीवर प्लास्टिकमध्ये बांधलेले कोरडे कपडे. एकट्याने कधीच नाही. स्थानिक माणूस गेला म्हणून मागोमाग जायचं नाही, स्थानिक माणसाबरोबर जायचं.

इतकं पाळलं तर मार्चमधला बर्फावरचा दिवस त्याला जन्मभर पुरेल. लख्ख ऊन, बर्फावर अंथरलेलं रेनडिअरचं कातडं, थर्मासमधली कॉफी, काठीला लावून भाजलेलं सॉसेज, शाकाहारीसुद्धा मिळतं.

---

निळीसांज

वरच्या प्रतिसादाला माझं शंभर टक्के अनुमोदन. मी नेहमी गटाबरोबरच गेले.

खाण्याचं. कुकर पाठवू नका. बऱ्याच ठिकाणी इंडक्शनची शेगडी असते, तिच्यावर ॲल्युमिनियमचं भांडं तापतच नाही. मसूर डाळ कुठल्याही सुपरमार्केटात मिळते, ती कुकरशिवाय वीस मिनिटांत शिजते. तांदूळ, चणे, राजमा, हळद, जिरं सगळं मिळतं. कोरड्या मसाल्यांतलं तुमच्या हातचं काय ते द्या, गोडा मसाला आणि हिंग. हिंगाची डबी दोन पिशव्यांत बांधा. कॉरिडॉरच्या कपाटात सगळ्यांच्या पिठाला हिंगाचा वास लागला की नाराजी होते.

मांसाहार टाळायचा तर एक-दोन ठिकाणी डोळे उघडे ठेवावे लागतील. गुरुवारी अनेक उपाहारगृहांत पिवळ्या वाटाण्याचं सूप आणि नंतर पॅनकेक असतो, फार जुनी पद्धत आहे. सूप बघून आपल्याला वाटतं, हे तर आपलंच. पण त्यात डुकराचं मांस शिजवलेलं असतं. विचारायचं, बिनमांसाचं बहुतेक वेळा वेगळं ठेवलेलं असतं. दुसरं म्हणजे सुट्या गोळ्या-चॉकलेटं. शनिवारी सगळा देश कागदी पिशवीत भरभरून घेतो, त्यातल्या बऱ्याच मऊ गोळ्यांत जिलेटिन असतं.

आणि सेमला! वेलदोड्याचा बन, आत बदामाचा लगदा, वर साय फेटून घातलेली. ईस्टरच्या उपवासाआधीच्या मंगळवारचा पदार्थ, पण नाताळ संपला की दुकानांत दिसायला लागतो. तुमचा मुलगा पोचेल तो भर हंगामात. तिथल्या बेकरीत आत पाऊल टाकलं की पहिला वास वेलदोड्याचा येतो. पहिल्या महिन्यात मला रडू आलं होतं ते त्या वासाने, दुसऱ्या कशाने नाही.

एक गोष्ट आईने सांगायला अवघड, म्हणून मी इथे लिहिते, त्याने धागा वाचलाच आहे. पोहायला गेलास तर तलावात उतरण्याआधी सगळे कपडे काढून आंघोळ करावी लागते, पुरुषांच्या आणि बायकांच्या न्हाण्या वेगळ्या असतात. तिथे तसे फलक असतात आणि लोक ते पाळतात. सॉनाच्या, म्हणजे कडक गरम हवेच्या, खोलीतही तसंच. अमेरिकेतून गेलेल्याला पहिल्यांदा जड जातं. कुणी कुणाकडे बघत नाही. जायचं टाळू नकोस, हिवाळ्यात अंगातली थंडी काढायला त्यासारखं दुसरं काही नाही. आणि एरवी एकमेकांपासून चार पावलं दूर उभी राहणारी माणसं तिथे लाकडी बाकावर खांद्याला खांदा लावून बसतात आणि गप्पा मारतात.

गाणं नको असेल तर नको. विद्यापीठाजवळच भिंतीवर चढण्याचं, बॅडमिंटनचं, आइस हॉकीचं सगळं आहे. फक्त आठवड्यातला एक वार आणि एक वेळ ठरवायची, आणि ती मोडायची नाही. पहिले काही आठवडे कुणी काही विचारणार नाही. तरी जायचं.

काकू, फोनचं सांगते. डॅलस आणि उमेओत सात तासांचं अंतर आहे. त्याची रात्र नऊची तेव्हा तुमचे दुपारचे दोन. पण तुम्ही शनिवारी सकाळी पाचला उठून फोन लावू शकलात तर तिकडे बारा वाजलेले असतात, आणि तो बाहेर चालत असेल तर त्याला म्हणा, कॅमेरा वर कर. फेब्रुवारीत तिकडे दुपारीही ऊन तिरपं पडतं, बर्चच्या पांढऱ्या खोडांवर गुलाबी होतं. १८८८ ला बरंचसं गाव आगीत जळालं, मग आग पसरू नये म्हणून रस्ते रुंद करून दुतर्फा बर्च लावले. त्याच रस्त्यांवरून तो रोज जाईल.

तो पोचला की मला इथे निरोप करा. माझ्या संघातल्या बाई अजून उमेओतच आहेत, मी त्यांना कळवते. त्या स्वतःहून बोलावणार नाहीत कदाचित, पण मंगळवारी सातला कुठे यायचं ते नक्की सांगतील, आणि गाता येत नसेल तर कॉफी करणारा माणूसही त्यांना लागतोच.